काचेच्या कडेची पाहुणी

आमच्या गल्लीत माझ्या सुनेला काचवाली म्हणतात. पुढे डॉक्टर लावायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मनावर. नाव पडलं ते असं. लग्न होऊन ती नुकतीच आली होती. समोरची मावशी पाठ धरून आली आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, जरा बघा हो, इथे धरतंय." सून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मावशी, मला अख्खी पाठ कळत नाही. त्यातला छोटासा तुकडा काचेवर लावून आणलात तर सांगेन." मावशी जी सरळ झाली ती ताठ चालत घरी गेली. तेव्हापासून काचवाली.

पहिली काही वर्षं मलाही तिचं काम कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणजे नाडी धरणारा, जीभ बाहेर काढायला लावणारा. हिच्याकडे ना नाडी, ना जीभ. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपड्यांच्या धुलाईघराशेजारी हिची खोली. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला पांढरा रंग फासलेला. लांब टेबल, त्यावर दुर्बिणीसारखं यंत्र आणि पुठ्ठ्याच्या ताटल्यांमध्ये ओळीने झोपवलेल्या काचपट्ट्या. रोगी बाई वरच्या मजल्यावर. हिच्याकडे येतो तो त्या बाईचा दोऱ्याएवढा तुकडा. बाई बरी झाली की फुलं मिळतात वरच्या डॉक्टरांना. खाली कोणी बसलंय याचा बाईला पत्ताही नसतो.

एकदा मी विचारलं, "तुझी रोगी बाई तुला बाजारात भेटली तर ओळखशील का गं?"

"चेहऱ्यावरून नाही, आई. आतून ओळखेन."

मी हातातली भाजी खाली ठेवली. 

स्वभावाने ती सावकाश. तांदूळ निवडायला बसली की जेवायची वेळ टळते. आमचे चिरंजीव म्हणतात, "हिला चहा कसा झालाय विचारलं तर आधी शेजारच्याचा कप मागवून ताडून बघते." ती हसते आणि खरंच दुसऱ्याच्या कपातला घोट घेते. घाईने बोललेली मी तिला कधी ऐकली नाही. एकदाच तिने घाई केली, आणि मला सांगायचंय ते त्याच घाईचं.

आधी तिचं काम थोडं सांगायला हवं. मी जन्मभर शिलाई मशीन चालवलं म्हणून तिने मला शिलाईच्याच भाषेत समजावलं. छातीतल्या गाठींमध्ये एक जात अशी असते की दुधाच्या नळीच्या आत बारीकसं झुडूप उगवावं. मधे देठ, देठाला फांद्या, आणि फांद्यांवर पेशींचं कापड चढवलेलं. गाठ साधी असेल तर कापडाखाली एक पातळ अस्तर असतं. वाईट असेल तर अस्तर नसतं. सगळा निकाल त्या अस्तरावर. पण ते इतकं पातळ की नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात दिसलं तर दिसलं. मग दुसरा रंग चढवायचा, त्यात अस्तर तपकिरी रेघेसारखं उमटतं.

"मग सोपं आहे की," मी म्हटलं.

"सोपं? आई, सुईने काढलेला नमुना म्हणजे काय माहितेय? कोणीतरी अख्ख्या कोटातून चार दोरे उसवून तुमच्या हातात दिले आणि विचारलं, कोटाला अस्तर होतं का. त्या चार दोऱ्यांपुरतं तुम्ही सांगाल. बाकीच्या कोटाचं काय?"

आणि ही झुडपं फार ठिसूळ. हात लागला की फांदी मोडते.

त्या खोलीत तिच्या जोडीला कापणारे काका. निवृत्तीला टेकलेले, बोलणं तिखट, हात मात्र लोण्यासारखे. नमुना मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात तरंगू द्यायचे आणि खालून काच घालून अलगद उचलायचे. एकीचे काप उचलून झाले की काका कागदाच्या पट्टीने पाण्यावरचा थर पुसून घेतात, मगच दुसरीची वडी. तरी कधीतरी एखादा कण पाण्यावर राहतोच. तो पुढच्या बाईच्या काचेवर जाऊन बसतो. काचेवर यकृत असावं आणि कडेला कोणाच्या तरी आतड्याचा कण, असं. अशा कणाला त्यांच्या खोलीत पाहुणी म्हणतात. काचेवर तिच्याभोवती शाईचं कडं काढायचं, बाहेरची आहे म्हणून मनाशी नोंद घ्यायची आणि पुढे जायचं. कोण, कुठली, कोणी विचारत नाही.

एक दिवस सुनेच्या समोर बसवर वाहक असलेल्या एका बाईची काच आली. छातीत दुखतं म्हणून सुई घातलेली. काचेवर सगळं छान, निरोगी. आणि कडेला, अगदी कडेला, एक मोडलेली फांदी. पेशी दाटीने उभ्या, सगळ्या एका चेहऱ्याच्या. देठ बारीक. आणि त्या देठाजवळ, जिथे अस्तर असायला हवं, तिथे काही नाही.

पाहुणी म्हणून तिने कडं काढलं. पण पुढची काच घेता येईना. पाहुणी असेल तर ठीक, पण पाहुणी नसेल तर? ही फांदी त्या बसवाल्या बाईचीच असेल तर? तिने काकांकडून त्याच वडीचे आणखी काप काढून घेतले. त्यात फांदी नाही. म्हणजे जे काय होतं ते त्या एकाच काचेवर. मग खात्री करायला तिने तीच काच तपकिरी रंगाला पाठवली. आधी चढलेला रंग धुवायचा, काच गरम द्रावात उकळायची, मग नवा रंग. असं करण्याआधी त्या खोलीत प्रत्येकजण काचेचा फोटो काढून ठेवतो. फोटोचं यंत्र त्या दिवशी दुसऱ्या टेबलाला जोडलेलं होतं. उठायचं, ते सोडवून आणायचं, परत लावायचं. तिने विचार केला, एवढीशी तर पाहुणी. आणि काच पाठवून दिली.

काच परत आली तेव्हा बसवालीचं सगळं जिथल्या तिथे होतं. शाईच्या कड्याच्या आत मात्र कोरी काच. फांदी उकळत्या द्रावात सुटून वाहून गेली होती.

ती घरी आली तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. चपला न काढता बाकावर बसली. मी म्हटलं, "काय झालं?"

"आई, एका बाईचा एक कण होता. मी धुऊन टाकला."

"मग?"

"मग ती बाई आता फक्त माझ्या डोळ्यांत आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

बसवालीला परत बोलावलं, परत छातीचा फोटो काढणाऱ्या यंत्राखाली घातलं, परत सुई टोचली. तिने दोन्ही खेपांना इस्पितळ डोक्यावर घेतलं. काही निघालं नाही. म्हणजे ती फांदी तिची नव्हती. तिची सुटका झाली, आणि आमच्याकडे ती दुसरी राहायला आली.

राहायला आली म्हणते ते उगाच नाही. फांदी कोणाची तरी होती. त्या दिवशी त्या भांड्यात जिचे काप तरंगले अशीच कोणीतरी. सुनेने त्या दिवशीच्या सगळ्या काचा परत काढल्या. कुठल्याच काचेवर बिनअस्तराची फांदी नव्हती. झुडपाची गाठ एकीचीच होती, पण तिचं अस्तर तपकिरी रेघेत शेवटपर्यंत उमटलेलं, रांगोळीची रेघ ओढावी तसं. सुनेनेच ती गाठ साधी म्हणून लिहून दिली होती. मग ही कोण? कुठेतरी एक बाई हातात चांगला रिपोर्ट घेऊन घरी गेलीय, भाजी चिरतेय, हसतेय, आणि तिच्या छातीत ती फांदी वाढतेय.

थोरले डॉक्टर म्हणजे सुनेचे साहेब. ते म्हणाले, "आपल्या कामात पाहुण्या येतातच. सोडून दे."

"सर, मी पाहिलंय."

"तू पाहिलंस ते खरंच असेल. पण रिपोर्टाला डोळे टाचता येत नाहीत. काच कुठे आहे?"

काच कुठे होती? कोरी होती.

त्यानंतर सुनेला ती दिसायला लागली. भरदिवसा दिसायची, म्हणून जास्त वाईट. भुतं रात्री येतात हे तरी बरं, माणूस दिवा लावून झोपतं. ही दुपारी यायची. नेहमी पाठमोरी. बाजारात दोन बायकांच्या पुढे चालताना. खोलीबाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. धुलाईघराच्या दारात वाकून चादरी मोजताना. सून हातात असेल ते टाकून पुढे जायची, वळून बघायची, तर कोणी भलतीच. मी विचारलं, "तोंड कसं आहे गं तिचं?"

"तोंड कुठून असणार? तुकड्याबरोबर तोंड येत नाही."

बाजारात ती येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या छातीकडे बघत चालायला लागली. मी चिमटा काढून म्हटलं, "अगं, असं बघत राहिलीस तर एखादीच्या हातचा मार खाशील. माझ्या म्हातारीच्याही पाठीत बसेल एखादा, जोडीला आहे म्हणून." ती हसली नाही. एवढा चांगला चिमटा वाया गेला.

एका सुट्टीच्या दुपारी तिने पानं वाढली. आम्ही घरात माणसं चार. नात ओरडली, "आई, हे कोणाचं?" पाचवं ताट होतं. भात वाढलेला, आमटीची वाटी, पाण्याचा पेला, सगळं. चिरंजीवांनी विनोद करायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. सून ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकून." तिने ताट उचललं नाही. कोणीच उचललं नाही. आम्ही चौघं जेवलो आणि ते तसंच आमच्यात बसलं. सगळे उठल्यावर मी ते आत नेलं तेव्हा आमटीवर साय धरली होती. खोटं कशाला सांगू, पेला उचलताना मी पुटपुटले, "बाई, नाव तरी सांग."

हळूहळू मीही त्यात सापडले. दाराची कडी वाजली की वाटायचं, आली. उघडलं की दूधवाला.

इकडे कापणाऱ्या काकांनी अबोला धरला. पाहुणी आली म्हणजे भांड्यातलं पाणी नीट पुसलं नाही असा अर्थ होतो, आणि काकांना कोणी आईवरून बोललेलं चालेल, पाण्यावरून नाही. सून विचारायची, "काका, त्या सकाळी कोणामागून कोणाचे काप घेतले, आठवतं का?" काका म्हणायचे, "मॅडम, मी हात चालवतो, डोकं नाही. डोकं तुमच्याकडे असतं ना." असं बरेच दिवस.

मग एका सकाळी काका आमच्या घरी आले. मी दार उघडलं. हातात टोपी, आत येईनात.

"मॅडम आहेत?"

"आहेत. या की आत. कापून टाकणार नाही तुम्हाला, ते काम तुमचं."

काका बसले, पण खुर्चीच्या टोकावर. सून हात पुसत बाहेर आली. काका तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला लागले, जसा काही निकाल मीच देणार होते.

"आई, मी झुडपाच्या गाठीची वडी दोनदा घेतली होती. पहिल्यांदा आदल्या दिवशी, नेहमीच्या रंगासाठी. मग त्या सकाळी, मॅडमना तपकिरी रंग हवा होता म्हणून परत, जरा खोलवरचे काप. ते दुसऱ्या वेळचे काप उचलले आणि लगेच बसवालीची वडी लावली."

"आणि मधे पाणी पुसलं?" सुनेने विचारलं.

काका टोपीची कड चाचपू लागले.

"काका?"

"धुलाईघरवाल्यांशी भांडण चाललं होतं माझं. त्यांची वाफ आपल्या खिडकीतून येते म्हणून. मी तोंड तिकडे करून भांडत होतो आणि हात इकडे चालत होते." टोपी फिरवत ते म्हणाले, "पुसलं असेल. पुसतोच मी. पण आठवत नाही, मॅडम. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आठवत नाही."

सून भिंतीला टेकली. मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं की तिला कळलं. झुडपाच्या गाठीत वरच्या बाजूला अस्तर होतं. खोलवर, एका फांदीला, नव्हतं. नेमकी तीच ठिसूळ फांदी पाण्यात सुटली आणि बसवालीच्या काचेवर चढली. मालकिणीच्या काचेवर उरल्या त्या सगळ्या अस्तरवाल्या. म्हणून सुनेने लिहिलं, साधी गाठ.

"वडी अजून आहे ना?" ती म्हणाली. "आणखी खोल कापू."

"काल कापली," काका म्हणाले. "न सांगता कापली. मेण निघालं, मॅडम. नुसतं मेण. संपलंय सगळं."

काकांनी चहा घेतला नाही. दारातून वळून मला म्हणाले, "तुमच्या सुनेला जेवायला घाला, आई. काचेसारखी झालीय, आरपार दिसतंय."

आता पुरावा एकच उरला होता, आणि तो एका बाईच्या छातीत होता. ती बाई बसस्थानकाच्या मागे किल्ल्या बनवायची. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं, साधी गाठ आहे, राहू दे, अधूनमधून दाखवत जा. सुनेने त्यांच्याकडून तिला निरोप पाठवला. ती आली नाही. परत पाठवला. तिने उलटा निरोप दिला की माझं सगळं चांगलं आलंय, दुकान बंद ठेवून मला येता येणार नाही.

काचवाल्या डॉक्टरांनी रोग्याकडे जायचं नसतं. तसा रिवाजच नाही. सून म्हणाली, "आई, चला."

मी घरातलं एक जुनं कुलूप घेतलं. काहीतरी निमित्त हवं ना.

टपरी म्हणजे भिंतीला चिकटवलेलं एक पत्र्याचं कपाट. आत भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. ती बाई आमच्याकडे पाठ करून यंत्रावर किल्ली घासत होती. ठिणग्या उडत होत्या. रुंद पाठ, मान जरा डावीकडे कललेली, केस वर बांधलेले. माझ्या दंडाला सुनेची बोटं रुतली.

"हीच," ती अगदी हळू म्हणाली.

"पाठ सगळ्यांनाच असते गं," मी म्हटलं. आणि कुलूप टपरीच्या फळीवर वाजवलं.

बाई वळली. हसरं, तुकतुकीत तोंड, पुढचा एक दात किंचित तुटलेला. इतके दिवस जिला तोंड नव्हतं तिला असं तोंड असेल असं वाटलं नव्हतं.

"काय हवंय आजी? कुलूप आहे, किल्ली नाही? सगळ्यांचं तेच. द्या इकडे. जगातलं कुठलंही कुलूप उघडते मी, एक नवऱ्याचं तोंड सोडून. तो गेला तोही न बोलता."

तिने कुलूप हातात घेतलं. तेवढ्यात सून म्हणाली, "मी इस्पितळातून आले. तुमच्या छातीतली गाठ साधी आहे म्हणून लिहिलं ते मी."

"अगोबाई! तुम्ही होय? मग तुमचं तर तोंड गोड केलं पाहिजे."

"थांबा. माझं चुकलेलं असू शकतं."

बाईने कुलूप फळीवर ठेवलं. सुनेने सगळं सांगितलं. पाण्याचं भांडं, सुटलेली फांदी, बसवाली, कोरी काच. सावकाश, काही न लपवता. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, बाईने हातानेच त्याला थांब म्हटलं.

"म्हणजे माझा तुकडा तुम्हाला दिसला."

"दिसला. तुमचा असेल असं वाटतं."

"वाटतं. बघू, दाखवा."

"नाहीये. माझ्या हातून वाहून गेला."

"फोटो?"

"काढला नाही."

बाई मोठ्याने हसली. गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं. "आजी, ऐकलंत? जो तुकडा नाही, ज्याचा फोटो नाही, जो माझा आहे की नाही तेही माहीत नाही, त्याच्यासाठी मी छाती कापून घेऊ! यापेक्षा मी लोकांना न बनवलेल्या किल्ल्या विकते."

"गाठ काढली आणि काही निघालं नाही, तर तुमच्या अंगावर विनाकारण व्रण राहील," सून म्हणाली. "त्याला जबाबदार मी. पण ती न काढता मी घरी गेले तर..."

"तर काय?"

"तर तुम्ही आमच्या घरी येऊन बसता. जेवायला."

मला वाटलं, झालं, ही आता आम्हाला वेडी ठरवून हाकलणार. पण बाईचं हसू उतरलं. तिने सुनेकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालफडं, सगळं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का?"

"मी स्वतः पेला उचललाय," मी म्हटलं.

तिने हात पुसले. यंत्र बंद केलं. मग म्हणाली, "किल्ली लागली नाही तर लोक माझ्याकडे भांडायला येतात. मी अजून एकदाही कोणाच्या घरी गेले नाही, की बाबा, मी दिलेली बरोबर लागते ना." आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "तू उद्या ये रे."

गाठ काढली. इस्पितळातून ती अख्खी सुनेच्या टेबलावर आली. या वेळी चार दोरे नव्हते, पूर्ण कोट होता. काकांनी स्वतः कापली, आणि काप घेताना खिडकी बंद करून घेतली, वाफ आली तरी चालेल म्हणाले. सुनेने एकामागून एक काचा बघितल्या. अस्तर, अस्तर, सगळीकडे अस्तर. ती म्हणते, तिच्या मनात तेव्हा दोन गोष्टी एकदम होत्या. काही निघू नये ही एक. आणि निघावं, हीही. दुसरी आठवली की अजून तिला जेवण जात नाही.

गाठीच्या एका कोपऱ्यात ती होती. दाट पेशी, एका चेहऱ्याच्या. बारीक देठ. अस्तराच्या जागी कोरं. तपकिरी रंग चढवला तरी कोरंच.

"ओळखलीस?" मी विचारलं.

"रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं तशी. आई, मी तिला नमस्कार करायला हात उचलला होता, खरं सांगते."

थोरल्या डॉक्टरांना तिने यंत्रापाशी बसवलं. ते पुष्कळ वेळ बघत राहिले. उठून हात धुतले, काही कारण नसताना. मग म्हणाले, "नळीच्या बाहेर पडलेलं नाही. वेळेत सापडलं." एवढंच. फोटो मात्र त्यांनी स्वतः काढला.

पुढचे उपचार झाले. किल्लीवाली बरी आहे. टपरी परत उघडल्यावर आम्ही दोघी भेटायला गेलो, या वेळी कुलूप न घेता. तिने आम्हाला बसायला डबे उपडे करून दिले. गप्पा चालल्या, इकडचं तिकडचं, तिची थट्टामस्करी. बोलता बोलता ती किल्ल्यांच्या जुडग्याशी खेळत होती. ती मध्येच थांबली.

"एक विचारू? तुमचे ते काका त्या दिवशी भांडत नसते. पाणी पुसलेलं असतं. तर?"

"तर तुमची फांदी कागदाच्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेली असती," सून म्हणाली.

"आणि मला कळलं असतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"नाही."

बाईने मान हलवली, जुडगं खिळ्याला अडकवलं आणि यंत्र सुरू केलं. त्या आवाजात पुढे बोलणं शक्य नव्हतं. आम्ही उठलो.

मला वाटत होतं, आता सून मोकळी झाली. पाठमोरी होती तिला तोंड मिळालं, नाव-गाव मिळालं, आता घरात चारच ताटं. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आम्ही दिव्यासाठी थांबलो. पलीकडच्या बाजूला खूप बायका उभ्या होत्या. कामावरून सुटलेल्या, पिशव्या घेतलेल्या, फोनवर बोलणाऱ्या, काही आमच्याकडे पाठ करून बस कुठे आली ते बघणाऱ्या. सून त्यांच्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "रोज पाणी स्वच्छच असतं आमचं. इतकी वर्षं स्वच्छच होतं."

दिवा बदलला, मागची माणसं ढकलायला लागली, म्हणून आम्ही रस्ता ओलांडला.